कुंकू-टिकलीचे वावडे कसे ओळखावे?



बियाणे, खते आणि फवारणी यांवर लिहिणाऱ्या माणसाने आज कुंकू-टिकलीचा विषय का काढला, असे काहींना वाटेल. पण गावात सभेला गेले की पिकाचे बोलणे संपल्यावर माणसे हमखास अंगावरचे दुखणे काढतात. “साहेब, तोंडाला खाज सुटते, फवारणीने असेल का?” “गाजरगवताने असेल का?” असे विचारतात. कधी ते खरोखर गवताचे असते, कधी औषधाचे. पण कधी यांतले काहीच नसते. कपाळावरची टिकली, मिशीला लावलेला कलप, नाहीतर लेकीने आठवड्याच्या बाजारातून आणलेली क्रीम हे मूळ असते. पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा आणि आपण टाकत बसलो युरिया, तर पीक हाती लागत नाही. अंगावरच्या खाजेचेही तसेच आहे. कारण नीट ओळखल्याशिवाय उपाय लागू पडत नाही.

भाजणे वेगळे, वावडे वेगळे

कातडीला एखादी वस्तू दोन प्रकारे बाधते. हा फरक शेतकऱ्याला समजणे अवघड नाही.

युरियाचे द्रावण फार तीव्र झाले तर कोणतेही पीक करपते. त्यात पिकाचा दोष नसतो, मात्रेचा असतो. तसेच तीव्र साबण, केस काढण्याची क्रीम किंवा चुन्याचे पाणी जास्त वेळ अंगावर राहिले तर कोणाचीही कातडी चुरचुरते, लाल होते, कोरडी पडते. हा त्रास लगेच किंवा काही तासांत होतो, वस्तू लागली तेवढ्याच जागी होतो आणि त्यात आग जास्त असते. हे झाले भाजणे.

दुसरा प्रकार पाहा. २,४-डी या तणनाशकाचा नुसता अंश वाऱ्याने उडून आला तरी कपाशीची पाने वाकडी होतात. शेजारच्या ज्वारीला मात्र काही होत नाही. वावडे, म्हणजे डॉक्टर ज्याला ॲलर्जी म्हणतात, ते असे असते. एकीला बाधते, तिच्या जावेला तीच वस्तू काही करीत नाही. मात्रा अगदी थोडी असली तरी पुरते. आपल्याकडे बिब्बा उततो तो सर्वांच्या परिचयाचा आहे. आंब्याच्या चिकाने कोणाचे तोंड उतते, तर कोणी पाडाचे आंबे उतरवून चीक हातावर वाळवतो आणि त्याला काही होत नाही.

वावड्यात खाज मुख्य असते. कातडी लाल होते, सुजते, बारीक पाणीदार पुरळ येते, ते फुटून लस वाहते आणि खपली धरते. जुने झाले की कातडी जाड व काळसर होते. वस्तू लागली त्या जागेच्या कडा ओलांडून पुरळ पुढे सरकते.

दोन दिवस मागचे आठवावे

वावड्याची सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे वेळ. वस्तू लागल्यावर त्रास बहुधा एक ते तीन दिवसांनी दिसतो. रविवारी कलप लावला, सोमवारी काही नाही आणि मंगळवारी सकाळी डोळे सुजून मिटले. मंगळवारीच कपाशीवर फवारणी ठरलेली असेल तर सगळे घर फवारणीला बोल लावते. म्हणून खाज सुटली की आज काय केले एवढेच न पाहता मागच्या तीन दिवसांत अंगाला, केसांना, नखांना काय काय लागले ते आठवावे.

दुसरी फसगत अशी की, “दहा वर्षे हीच टिकली लावते, आताच कशी बाधेल?” असे बायका विचारतात. पण वावडे बहुधा पहिल्याच दिवशी जडत नाही. वस्तू पुनःपुन्हा लागता लागता शरीर तिला शत्रू म्हणून ओळखायला शिकते. याला कधी दोन आठवडे लागतात, कधी वर्षे जातात. एकदा ओळख पटली की शरीर ती सहसा विसरत नाही. पुढे थोडा स्पर्शही पुरतो आणि त्रास दर वेळी लवकर व जोरात येण्याचा संभव असतो. शिवाय पाकीट तेच दिसले तरी आतला गोंद किंवा रंग कारखानदाराने बदललेला असू शकतो.

जागा पाहून कारण ओळखावे

रोग पानाच्या वरच्या बाजूला आहे की खालच्या, शेंड्याला आहे की बुडाला, हे आपण पाहतो. तसेच येथेही पाहावे.

कपाळाच्या मध्यभागी गोल डाग किंवा पुरळ असेल तर टिकली किंवा कुंकू. कपाळाच्या वरच्या कडेला, कानांच्या पाळ्यांवर, मानेवर आणि पापण्यांवर असेल तर कलप, शांपू किंवा सुवासिक तेल. ओठांभोवती असेल तर लिपस्टिक, पण दंतमंजन व टूथपेस्टही तपासावी. काखेत असेल तर सुगंधी फवारे. कानाच्या भोकाभोवती आणि गळ्याभोवती असेल तर नकली दागिन्यांतील निकेल हा धातू. बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिनाही यात येतात.

पापण्यांचा प्रकार चमत्कारिक आहे. पापणीची कातडी फार पातळ असते. नखांना लावलेले रंगीत पॉलिश बोटांना काही करीत नाही, पण त्याच बोटांनी डोळे चोळले, मान खाजवली की पापणी व मान उतते. म्हणून पापण्या सुजल्या आणि काजळ तर लावले नाही, अशा वेळी नखांकडे पाहावे.

टिकलीखालचा पांढरा डाग

आता जी गोष्ट लिहितो तिच्यासाठीच आजचा विषय घेतला आहे.

चिकटणाऱ्या टिकलीच्या मागचा गोंद काही वेळा पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉल या रसायनापासून केलेल्या राळेचा असतो. हे रसायन काहींना दोन प्रकारे बाधते. कधी खाज व पुरळ येते. कधी ते कातडीला रंग देणाऱ्या पेशीच मारते आणि तेथे टिकलीएवढा पांढरा ठिपका पडतो. कित्येकदा आधी खाजही सुटत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. टिकली ठिपका झाकते, म्हणून बाई आणखी मोठी टिकली लावते आणि डागही मोठा होत जातो.

एका गावात लग्नाला आलेल्या मुलीच्या कपाळावर असा डाग दिसला आणि कोड आले म्हणून बोलाचाली सुरू झाली. पाहुण्यांनी निरोप धाडायचे थांबवले. मुलीने घराबाहेर पडणे सोडले. आईने देवऋषी पाहिला, कोणी बावचीचे तेल सुचवले. ते लावून उन्हात बसवल्यावर कपाळ भाजून फोड आले. शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरांनी टिकली बंद करून उपचार सुरू केले. डाग भरून यायला कित्येक महिने लागले. हे दोन-तीन महिन्यांचा डाग असतानाच केले असते तर मुलीचे निम्मे हाल वाचले असते.

तेव्हा हे नीट ध्यानात ठेवावे. टिकलीच्या जागी पडलेला पांढरा डाग रसायनाचा असू शकतो. तो संसर्गाने पसरत नाही. टिकली वेळेवर बंद केली आणि उपचार घेतले तर पुष्कळांचा रंग परत येतो, मात्र धीर धरावा लागतो. काही जणींत डाग दुसऱ्या जागीही उठतात, म्हणून घरगुती प्रयोगात दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवावे. आणि डाग कोडाचा निघाला तरी कोडही स्पर्शाने होत नाही. त्यापायी मुलीला बाजूला बसवणे, तिचे ताट-भांडे वेगळे करणे यास काही आधार नाही.

कुंकवाचे थोडे वेगळे आहे. पूर्वी हळकुंडे लिंबाच्या रसात, टाकणखार व तुरटी घालून मुरवीत आणि त्यांचे कुंकू करीत. आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ कुंकवांत कृत्रिम रंग असतात. त्यांपैकी सुदान जातीचे काही रंग कातडीला बाधतात हे तपासण्यांत दिसले आहे. यात पांढरा नव्हे तर काळपट, निळसर करडा डाग पडतो आणि तो जायला फार वेळ लागतो. देवाला लावायचा शेंदूर शिशापासून केलेला असतो. तो कपाळाला किंवा भांगात मुळीच लावू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. घरी केलेले कुंकूही निर्धोकच असते असे मात्र समजू नये. क्वचित एखाद्याला हळदीचेही वावडे असते.

कलप आणि काळी मेंदी

हा भाग कारभाऱ्यांनी वाचावा, कारण मिशीला कलप लावण्याची हौस गावोगाव आहे. काळ्या कलपात बहुतेक वेळा पॅरा-फिनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, हे रसायन असते. वावडे आणणाऱ्या वस्तूंत त्याचा नंबर फार वरचा आहे. पाकिटावर “हर्बल” किंवा “अमोनिया नाही” असे छापलेले असले म्हणजे पीपीडी नाही असे होत नाही. घटकांची यादी वाचावी.

शुद्ध मेंदी हातावर नारिंगी-तांबूस रंग देते आणि तो रंग पुढच्या एक-दोन दिवसांत गडद होतो. तासाभरात काळीकुट्ट रंगणारी मेंदी दिसली तर तिच्यात कलप मिसळल्याचा संशय घ्यावा. लग्नात, सणात लहान मुलींच्या हातावर अशी मेंदी काढू देऊ नये. आज नक्षीच्या रेषांवर फोड उठले तर त्या मुलीला पुढे जन्मभर कलप चालत नाही, काही गडद रंगाचे कपडेही बाधतात आणि बधिर करणारी काही औषधे देताना डॉक्टरांना जपावे लागते.

भुवया व पापण्यांना कलप कधीही लावू नये. त्याने डोळे जाण्याचा धोका आहे आणि तसा इशारा पाकिटावर छापलेला असतो. कलपाची पाकिटे कुलपात ठेवावीत. कलप पोटात गेल्यास गळा सुजतो, श्वास अडतो, मूत्रपिंडे निकामी होतात. अशा वेळी उलटी करवण्यात वेळ न घालवता तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे.

गाजरगवत की प्रसाधन?

गाजरगवत ऊर्फ काँग्रेस गवत आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. त्याने कातडीला होणाऱ्या विकारावर पुण्याच्या डॉ. लोणकरांनी सहकाऱ्यांसह १९७४ साली लिहिले. या गवतातील पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या पानांच्या, फुलांच्या व केसांच्या भुशातून वाऱ्याबरोबर येते. म्हणून गवताला हात न लावताही त्रास होतो.

ओळखायची खूण अशी. गवताचा त्रास उघड्या अंगावर सगळीकडे असतो. तोंड, मान, हात हे तर खरेच, पण वरच्या पापण्या, कानामागची जागा, हनुवटीखालची जागा, मानेच्या वळ्या आणि कोपराचा आतला मुरडा येथेही तो शिरतो. नुसत्या उन्हाचा त्रास असेल तर हनुवटीखालची व कानामागची सावलीतली जागा बहुधा सुटते. प्रसाधनाचा त्रास जेथे वस्तू लागते तेथून सुरू होतो. कपाळावर सुरू झाला तर कपाळाचे कारण शोधावे. आठवडाभर परगावी राहिल्यावर आराम पडतो आणि शिवारात परतताच पुन्हा उठतो, तर गवताचा संशय धरावा. मात्र परगावी जाताना तीच क्रीम पिशवीत नेली असेल तर ही परीक्षा फुकट जाते.

एका वेळी एकच बदल

नवे कीटकनाशक आणले की सगळ्या रानावर न मारता आधी चार सरींवर मारून पाहावे, असे आम्ही सांगत आलो आहोत. अंगाच्या बाबतीत तो नियम आणखी कडक पाळावा.

कलपासाठी पाकिटावर चाचणीची रीत दिलेली असते. कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला साबणाने धुतलेल्या छोट्या जागी थोडा कलप लावून चोवीस तास ठेवावा आणि मग धुवावा. वावडे उशिरा दिसते, म्हणून त्यापुढे आणखी एक दिवस वाट पाहणे शहाणपणाचे. मागच्या वेळी चालला म्हणून या वेळी चाचणी टाळू नये.

क्रीम, पावडर, कुंकू यांसाठी कोपराच्या आतल्या मुरड्यापाशी रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहावे. खाज किंवा लाली आली तर ती वस्तू वर्ज्य. साबण, शांपू व कलप असे दिवसभर लावून ठेवण्याची ही रीत वापरू नये. आणि ज्याला पूर्वी जोराचा त्रास झाला आहे त्याने घरी कोणतीच परीक्षा करू नये.

आधीच त्रास असेल तर संशयाच्या सगळ्या वस्तू एकदम बंद कराव्यात. कातडी पूर्ण निवळू द्यावी. मग एका वेळी एकच वस्तू सुरू करावी आणि दोन वस्तूंत निदान आठवड्याचे अंतर ठेवावे. वहीत तारीख लिहावी. तीन वस्तू एकदम सुरू केल्या तर कोणती बाधली ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

त्रास झाल्यावर

वस्तू लगेच बंद करावी. साध्या गार पाण्याने भरपूर धुवावे, घासू नये. कलप असेल तर केसांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावे. स्वच्छ ओला फडका दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा. नखे कापावीत. लिंबू, हळद, लिंबाचा पाला, टूथपेस्ट, चुना असे काही चोपडू नये. दुखावलेल्या कातडीवर नवी वस्तू म्हणजे नवे दुखणे. वस्तूचे पाकीट फेकू नये, ते डॉक्टरांना दाखवावे.

दुकानातून कोणी सांगितले म्हणून ट्यूब आणून लावू नये. कातडीला लावायच्या पुष्कळ स्टेरॉइड मलमांना २०१८ पासून डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केलेली आहे, ती उगीच नव्हे. या मलमांनी चार दिवस बरे वाटते, पण तोंडावर महिनोन्महिने लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात आणि बंद करताच आग उसळते. झटपट गोरे करणाऱ्या काही क्रीमांत हीच स्टेरॉइडे, नाहीतर पारा सापडला आहे. पाऱ्याने मूत्रपिंडे बिघडतात. ज्या डबीवर कारखानदाराचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी नाही, ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. अशा मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते.

ओठ, जीभ किंवा गळा सुजणे, श्वास लागणे, आवाज बसणे, अंगभर गांधी उठून चक्कर येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. येथे उद्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोळे मिटण्याइतकी सूज, पाण्याचे मोठे फोड, ताप किंवा पू असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

त्रास वारंवार होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पॅच टेस्ट करून घ्यावी. पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवस ठेवतात, मग काढून पाहतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. त्यांत पीपीडी, निकेल आणि गाजरगवत यांचाही समावेश असतो. तितके दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. म्हणून पेरणी-कापणीच्या गर्दीत न जाता कामाची उसंत पाहून जावे. पाठीवर सुया टोचीत नाहीत, हे भित्र्यांना सांगून ठेवतो.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांशी दोन शब्द. टिकली-कुंकू बाधते असे सून सांगते तेव्हा ते निमित्त समजू नये. मोकळ्या कपाळाने तिला हळदीकुंकवाला जाणे जड वाटते, ते तुमच्या बोलण्यानेच हलके होणार आहे. तिची ओटी तांदळाने भरा, हातावर तिळगूळ द्या. कपाळाला बोट लावलेच पाहिजे असा हट्ट धरू नका. संक्रांतीला टिकल्यांची पाकिटे वाण म्हणून लुटण्याऐवजी परसात लावायला भाजीच्या बियांची पुडी द्यावी. पालक, मेथी, गवार काहीही चालेल, आणि ते कोणाला बाधण्याची धास्ती नाही.